हिंसाचाराची चाहूल आधी लागते, मग संघटना का हलत नाहीत? या विषयात पीएचडी करावी का?

मुक्ता_कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी. मी संख्याशास्त्रात बी.एस्सी. आणि नंतर पुण्यातून राज्यशास्त्रात एम.ए. केलं. आता पीएचडीचा प्रस्ताव लिहायला घेतला आहे. विषय आहे आंतरराष्ट्रीय संघटना आणि संघर्षाची पूर्वसूचना. एखाद्या देशात हिंसाचार पेटण्याआधी खुणा दिसू लागतात. त्या टिपण्यासाठी संयुक्त राष्ट्रं, आफ्रिकी संघ, पूर्व आफ्रिकेतला इगाड अशा संघटनांनी यंत्रणा उभारल्या. त्या यंत्रणांचं पुढे काय होतं, हे मला शोधायचं आहे.

सुदानमधल्या एल फाशरमुळे हा विषय डोक्यात पक्का बसला. सुमारे दीड वर्ष ते शहर आरएसएफ या निमलष्करी दलाच्या वेढ्यात होतं. वेढा उठवा असा ठराव सुरक्षा परिषदेने जून २०२४ मध्येच केला होता. येल विद्यापीठातला एक गट उपग्रहाची छायाचित्रं पाहून सतत इशारे देत होता. ऑक्टोबर २०२५ च्या अखेरीस शहर पडलं आणि ज्याची भीती होती ती कत्तल झालीच.

माझ्यापुढे दोन वाटा आहेत. एक, आकडेवारीची मॉडेलं करून हिंसाचाराचा अंदाज बांधणं. दुसरी, या संघटनांच्या आत काय चालतं ते कागदपत्रं आणि मुलाखतींमधून अभ्यासणं. कोणती घ्यावी? कुठे करावी? घरचे विचारतात की यात पोटापाण्याचं काय, आणि तो प्रश्न रास्तच आहे. जाणकारांनी मोकळेपणाने लिहावं.

चहाबिस्कीट

आमच्या सोसायटीच्या सभेत भांडण पेटणार की नाही हे मी नोटीस वाचूनच सांगतो. 'पार्किंग' दिसलं की पूर्वसूचना जारी!
मस्करी पुरे. विषय माझ्यासाठी नवा आहे, वाचतोय.

रानवारा

मुक्ता, तुझा उत्साह मोडायचा नाहीये, पण स्पष्ट लिहितो. पूर्वसूचना कमी पडली म्हणून माणसं मेली असं एक तरी मोठं उदाहरण दाखव. रवांडात संयुक्त राष्ट्रांच्या सैन्याचे प्रमुख रोमिओ दलेर यांनी ११ जानेवारी १९९४ ला न्यूयॉर्कला तार पाठवली. शस्त्रं लपवली आहेत, अल्पसंख्य तुत्सी समाजाच्या माणसांच्या याद्या तयार होत आहेत, एक खबऱ्या सांगतोय, आम्ही छापा घालतो. उत्तर आलं, छापा घालू नका. ६ एप्रिलला राष्ट्राध्यक्षांचं विमान पाडलं गेलं आणि पुढच्या सुमारे शंभर दिवसांत आठ लाखांच्या आसपास माणसं मारली गेली. कत्तल चालू असताना २१ एप्रिलला सुरक्षा परिषदेने काय केलं? तिथलं सैन्य २७० वर आणायचा ठराव केला.

त्यानंतर तीस वर्षांत मॉडेलं झाली, उपग्रह आले, आणि तू स्वतःच एल फाशरचं उदाहरण दिलंस. ज्यांच्या हातात बळ आहे त्यांना हलायचं नसतं. त्यावर आयुष्यातली पाच-सहा वर्षं घालवून काय हाती लागणार?

अनघा_जिनिव्हा

रानवारा, तुम्ही मांडलंत ते सगळं खरं आहे, आणि नेमकं म्हणूनच हा संशोधनाचा विषय आहे. 'त्यांना हलायचं नसतं' इथे तुम्ही थांबलात. संशोधकाचं काम तिथून सुरू होतं. कोणाला हलायचं नव्हतं? का? कागद कोणाच्या टेबलावर अडला?

त्या तारेचंच बघा. ती वाचणारी माणसं निर्दय नव्हती. तीनच महिने आधी, ऑक्टोबर १९९३ मध्ये, सोमालियात मोगादिशूत १८ अमेरिकी सैनिक मारले गेले होते. शस्त्रं जप्त करायला जायचं, त्यात माणसं गमवायची, मग सगळी मोहीमच गुंडाळावी लागायची, ही धास्ती मुख्यालयात भरलेली होती. सुरक्षा परिषदेने दिलेल्या अधिकारात छापा बसतो का, हा प्रश्न तिथे आधी विचारला गेला. भरीस भर म्हणजे त्या वर्षी रवांडा स्वतःच सुरक्षा परिषदेचा अस्थायी सदस्य होता. ज्या सरकारच्या माणसांनी कत्तल घडवली, त्यांचा प्रतिनिधी त्या बैठकांना बसत होता!

मायकल बार्नेट हे अमेरिकी प्राध्यापक त्या काळात फेलोशिपवर अमेरिकेच्या संयुक्त राष्ट्रांमधल्या कार्यालयात काम करत होते, आणि रवांडाचा विषय त्यांच्याकडेही होता. पुढे त्यांनी जे लिहिलं त्याने आमच्या विषयाची दिशा बदलली. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की संघटना म्हणजे सदस्य देशांच्या हातातलं नुसतं साधन नसते. तिला स्वतःच्या सवयी असतात, स्वतःचे नियम असतात, आणि त्या नियमांच्या आत राहून चांगली माणसंही गप्प बसणं योग्य समजू लागतात. हे शोधायला त्यांना मॉडेल लागलं नाही. आतली कागदपत्रं आणि आतली माणसं लागली.

आता रानवाऱ्यांच्या 'तीस वर्षांत काय झालं' याविषयी. १९८७ मध्ये सरचिटणीस पेरेझ द क्वेयार यांनी माहिती गोळा करून विश्लेषण करणारं एक छोटं कार्यालय काढलं. १९९२ मध्ये त्यांच्यानंतरचे सरचिटणीस बुट्रोस-घाली यांनी ते बंद केलं, आणि त्याच वर्षी त्यांच्याच शांतताविषयक अहवालात पूर्वसूचनेचं महत्त्व सांगितलं गेलं. २००० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्याच ब्राहिमी समितीने माहिती-विश्लेषणाचा नवा विभाग सुचवला, तो सदस्य देशांनी होऊ दिला नाही. आपल्या घरात काय चाललंय हे संयुक्त राष्ट्रांनी टिपत बसावं, हे बहुतेक सरकारांना नको असतं. ऐकायची यंत्रणा उभी राहते, मोडते, नाव बदलून परत उभी राहते. हा इतिहास सलगपणे लिहायला अजून भरपूर जागा आहे.

मी स्वतः पीएचडी इथे जिनिव्हात केली आणि सध्या करारावर शिकवते. कायमची जागा नाही, हे आधीच सांगून ठेवते. त्याबद्दल पुढे लिहीन.

संख्याशास्त्री

दुसऱ्या वाटेची बाजू मी मांडतो.

लुइस फ्राय रिचर्डसन हे नाव हवामानवाल्यांना माहीत असतं. समीकरणं सोडवून हवामानाचा अंदाज काढायची कल्पना ज्यांनी उभी केली, त्यांत ते अग्रणी. युद्धाला विरोध करणाऱ्या क्वेकर पंथाचे, त्यामुळे पहिल्या महायुद्धात बंदूक न घेता रुग्णवाहिका चालवली. नंतर याच माणसाने युद्धांची आकडेवारी गोळा करायला घेतली. आमच्या विषयाची मुळं इतकी जुनी आहेत.

आज काय होतं? स्वीडनमधल्या उप्साला विद्यापीठाचा संघर्ष-माहितीसंच आहे. त्यात संघटित संघर्षात वर्षाला किमान २५ जण मारले गेले तर तो सशस्त्र संघर्ष म्हणून नोंदला जातो, हजाराच्या वर गेला की युद्ध. त्यावर उप्साला आणि ऑस्लोच्या लोकांनी 'व्ह्यूज' नावाची प्रणाली उभी केली. ती दर महिन्याला पुढच्या ३६ महिन्यांचे अंदाज देते, आणि सगळं जाहीर असतं. त्याच्याही आधी अमेरिकेत एका गटाने चारच घटकांवर मॉडेल केलं होतं: राज्यव्यवस्थेचा प्रकार, बालमृत्यूदर, शेजारी देशांतली युद्धं, आणि एखाद्या समाजगटाविरुद्ध सरकारी भेदभाव. दोन वर्षं आधी ८० टक्क्यांहून जास्त वेळा उत्तर बरोबर येत होतं.

पण मुक्ता, तू संख्याशास्त्राची आहेस, तुला यातली गोम कळेल. जिथे आज हिंसाचार आहे तिथे पुढच्या महिन्यातही असेल, एवढं म्हटलं तरी अचूकता भरपूर मिळते. शांत प्रदेशात तो नव्याने कधी पेटेल हे सांगणं अतिशय अवघड, कारण अशा घटना विरळ. शिवाय बातमीदार जिथे पोचत नाही तिथले मेलेले आकड्यात येत नाहीत. सुदानमधल्या दार्फुरच्या खेड्यातली शांतता खरी शांतता आहे की तिथला फोन बंद आहे, हे मॉडेलला कळत नाही.

आणखी एक. पाऊस पडणार असं सांगितल्याने पाऊस थांबत नाही. इथे मात्र इशारा ऐकला गेला तर घटना घडतच नाही, आणि मग तुझा अंदाज चुकला असं दिसतं. याचं पद्धतशीर मोजमाप कोणालाच अजून नीट जमलेलं नाही. प्रबंधाला यापेक्षा चांगला प्रश्न नाही.

गोदातीर

ऐकलं गेलं आणि घडलं नाही, असं एक तरी उदाहरण आहे का?

अनघा_जिनिव्हा

गोदातीर, मॅसेडोनिया. युगोस्लाव्हिया फुटत असताना डिसेंबर १९९२ मध्ये युद्ध पोचण्याआधीच संयुक्त राष्ट्रांनी तिथे सैनिक ठेवायचं ठरवलं. केवळ प्रतिबंधासाठी सैन्य ठेवण्याची ती पहिलीच वेळ. सहा वर्षं ते तिथे होतं आणि त्या काळात युद्ध तिथवर पोचलं नाही. मग मॅसेडोनियाने तैवानला मान्यता दिली, आणि फेब्रुवारी १९९९ मध्ये मुदतवाढीच्या ठरावावर चीनने नकाराधिकार वापरला. मोहीम संपली. २००१ मध्ये तिथे सशस्त्र उठाव झाला. आता तो उठाव सैन्य गेल्यामुळे झाला की शेजारच्या कोसोव्होतल्या युद्धामुळे, यावर वाद घालता येतो आणि घातलाही जातो. संख्याशास्त्री म्हणतात ती अडचण हीच.

पलटण

अवांतर वाटेल, पण युगोस्लाव्हियाचं नाव निघालं म्हणून सांगतो. तिथल्या संयुक्त राष्ट्रांच्या सैन्याचे पहिले प्रमुख, १९९२-९३ मध्ये, आपले लेफ्टनंट जनरल सतीश नंबियार. मराठा लाइट इन्फन्ट्रीचे.

मी स्वतः काँगोत, उत्तर किवूमध्ये, भारतीय ब्रिगेडबरोबर होतो. बाळ, मॉडेल असो की मुख्यालय, खबर येते ती खेड्यातून. तिथे स्थानिक मुलं-मुली मोहिमेत सहायक म्हणून घेतली जात. खेड्यातल्या मुखियाशी, बायकांशी, चर्चमधल्या लोकांशी बोलणं हे त्यांचं काम. खेड्यांना फोन आणि रेडिओ संच दिले जात, हल्ल्याची चाहूल लागली की तळाला कळवायचं. आमच्याकडे स्वाहिली येणारे मोजके. सगळी भिस्त त्या पोरांवर. बाजार भरायच्या दिवशी बायका आल्या नाहीत, शेतावर कोणी गेलं नाही, की ती पोरं सांगायची, साहेब, आज रात्री काहीतरी आहे.

आम्ही निघायचो, पण रस्ता असा की वीस-पंचवीस किलोमीटरला अर्धा दिवस. आणि रोज खबर आली की प्रत्येक ठिकाणी जाता येत नाही. कुठे जायचं हे ठरवणारा अधिकारी कशाच्या आधारे ठरवतो, यावर कोणी प्रबंध लिहिला तर मी वाचीन. जी माणसं खबर देतात त्यांचं पुढे काय होतं, यावरही लिहा. आमची मोहीम एक दिवस जाते, ते तिथेच राहतात. २०२५ च्या जानेवारीत गोमा शहर परत एम-२३ या बंडखोरांच्या हातात गेलं, तेव्हा मला त्या पोरांची फार काळजी वाटली.

रानवारा

पलटणकाका, हा प्रतिसाद जपून ठेवतोय.

माझा मूळ आक्षेप आता थोडा वेगळा मांडतो. खबर कोणाच्या हातात जाते? श्रीलंकेत २००९ मध्ये शेवटच्या लढाईच्या वेळी संयुक्त राष्ट्रांचे लोक देशात होते. त्यांच्याकडे मृतांचे आकडे होते. सरकार नाराज होईल, मदतकार्य अडेल, म्हणून ते आकडे नीट पुढे ठेवले गेले नाहीत. हे मी म्हणत नाही, संयुक्त राष्ट्रांनीच नेमलेल्या चार्ल्स पेट्री समितीने २०१२ मध्ये म्हटलंय. म्हणजे चूक करणारं सरकारच परवाने देणारं, आणि सूचना त्याच्याच दारातून जाणार.

उत्तरध्रुव

इगाडच्या यंत्रणेत ही गोष्ट रचनेतच आहे. २००२ च्या कराराने ती आली आणि सुरुवात झाली केनिया, युगांडा, इथिओपिया आणि आताचा दक्षिण सुदान यांच्या सीमा भिडतात त्या कारामोजा पट्ट्यात. गुरं पळवण्यावरून तिथे मोठ्या लढाया होतात. क्षेत्रनिरीक्षक ठरलेला तक्ता भरून पाठवतात. चारा-पाणी, बाजार, शाळा, जमातींमधले संबंध, सगळं त्यात येतं. पण तक्ता जातो प्रत्येक देशाच्या राष्ट्रीय कक्षाकडे, आणि तो कक्ष सरकारच्याच छत्राखाली. गुरांच्या प्रश्नावर सरकारं माहिती द्यायला तयार होती, कारण त्यात त्यांची खुर्ची धोक्यात येत नव्हती. डिसेंबर २००७ च्या निवडणुकीनंतर केनिया पेटलं, हजाराहून जास्त माणसं गेली, तेव्हा निवडणुकीचा हिंसाचार त्या यंत्रणेच्या कामातच नव्हता. त्या दिवसांत नैरोबीतल्या काही तरुणांनी 'उशाहिदी' नावाचा नकाशा इंटरनेटवर उभा केला, लोक एसएमएसवरून घटना कळवू लागले. संघटनेबाहेरच्या लोकांनी काही दिवसांत ते केलं. मुक्ता, दोन्ही वाटा इथे एकत्र येतात. कुठल्या गोष्टी मोजायला परवानगी मिळते हा राजकारणाचा प्रश्न आहे, आणि तो फक्त आकड्यांवर काम करणाऱ्याला दिसत नाही.

आता 'कुठे' याचं उत्तर. मी स्वीडनमध्ये आहे. इथे पीएचडी म्हणजे नोकरी असते. पगार, रजा, निवृत्तिवेतनाची नोंद, सगळं. साधारण चार वर्षांच्या कामाचा पगार मिळतो, शिकवलं तर मुदत वाढते. जागांची जाहिरात निघते, अर्ज करायचा, फी नाही. उप्सालात शांतता-संघर्ष संशोधनाचा स्वतंत्र विभाग आहे. संयुक्त राष्ट्रांचे दुसरे सरचिटणीस डाग हॅमरशोल्ड याच गावात वाढले, त्यांची कबरही इथेच आहे. संयुक्त राष्ट्रांच्या सनदेतलं ९९ वं कलम सरचिटणीसाला धोक्याची बाब स्वतःहून सुरक्षा परिषदेपुढे न्यायचा अधिकार देतं. हॅमरशोल्डनी ते १९६० मध्ये काँगोसाठी वापरलं. ते कलम इतक्या क्वचित का वापरलं जातं, यावरही काम करण्यासारखं आहे. सरचिटणीस असताना गुटेरेस यांनी डिसेंबर २०२३ मध्ये गाझासाठी वापरलं तेव्हा ती मोठी बातमी झाली ती त्यामुळेच.

जागा फार थोड्या असतात. एका जागेला जगभरातून अर्ज येतात. दोन-तीन वर्षं सलग अर्ज करायची तयारी ठेव.

प्राध्यापक_मराठवाडा

मी इथल्या परिस्थितीवर लिहितो. नेट परीक्षा काढून जेआरएफ ही संशोधनाची शिष्यवृत्ती मिळाली तर महिन्याला ३७ हजार आणि घरभाडं. वयाची अट सर्वसाधारणपणे ३० आहे, महिलांना पाच वर्षांची सवलत असते, तरी ते आधी उरकून घे. दिल्लीत जेएनयूमध्ये आंतरराष्ट्रीय राजकारण, संघटना आणि निःशस्त्रीकरण यांचं स्वतंत्र केंद्र आहे. पुणे विद्यापीठात संरक्षण आणि सामरिकशास्त्र विभाग आहे. मार्गदर्शक कोण, हे संस्थेच्या नावापेक्षा शंभरपट महत्त्वाचं.

पीएचडीनंतरचं खरं चित्र असं: महाराष्ट्रात कायम प्राध्यापकभरती वर्षानुवर्षं रखडते. तासिका तत्त्वावर काम करणारे पीएचडीधारक मी रोज पाहतो, त्यांतले काही माझे विद्यार्थी आहेत आणि ते माझ्याहून चांगलं शिकवतात. म्हणून आंतरराष्ट्रीय संघटनांसोबत एक हुकमी कौशल्य बाळग. तुझ्याकडे संख्याशास्त्र आहे, ते सोडू नकोस.

अनघा_जिनिव्हा

प्राध्यापकांशी पूर्ण सहमत, आणि इथलंही चित्र सध्या गोड नाही. २०२५ पासून संयुक्त राष्ट्रांमध्ये पैशाची ओढाताण आहे, पदं कापली जात आहेत. अमेरिकेने मदत थांबवल्यावर दुष्काळाची पूर्वसूचना देणारी फ्यूज नेट ही यंत्रणा जानेवारी २०२५ मध्ये काही महिने बंदच पडली. १९८५ पासून चालू होती ती, इथिओपियाच्या दुष्काळानंतर सुरू झालेली. इथल्याच स्विसपीस या संशोधन संस्थेचा संघर्षसूचनेचा प्रकल्पही पूर्वी, २००८ मध्ये, असाच पैशाअभावी बंद झाला होता. आमच्या विषयात लोक अभ्यास करतात त्या संघटनाच अशा डळमळत असतात. तू पीएचडी संपवशील तेव्हा कोणती शिल्लक असेल हे कोणी सांगू शकत नाही.

तरी मी हे काम सोडणार नाही. कारण या वर्षांत काय मोडलं गेलं आणि कोणी मोडलं याची नोंद कोणीतरी ठेवायला हवी, आणि ती ठेवायला शिकलेली माणसं जगात फार थोडी आहेत.

खर्चाच्या दृष्टीने एक आनंदाची गोष्ट. राष्ट्रसंघाचं, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या आधीच्या संघटनेचं, जिनिव्हातलं दप्तर पूर्ण स्कॅन होऊन २०२२ पासून इंटरनेटवर मोफत आहे. दलेर यांची तारही वॉशिंग्टनच्या एका विद्यापीठातल्या दप्तरखान्याने जाहीर केली आहे. पुण्यात बसून सुरुवात करता येते.

भिवंडीकर

इतका वेळ वाचत होतो. सगळे आफ्रिका-युरोपचं बोलताहेत म्हणून घरचं सांगतो.

आमच्या गावात १९७० ला दंगल झाली, १९८४ ला झाली. दोन्ही मोठ्या. १९८८ मध्ये सुरेश खोपडे पोलीस उपायुक्त म्हणून आले आणि त्यांनी मोहल्ला कमिट्या उभ्या केल्या. हिंदू-मुसलमान दोन्हीकडची माणसं, साधी माणसं, यंत्रमागवाले, दुकानदार, आणि त्यांच्याबरोबर त्या भागाचा पोलीस शिपाई. नियमित बैठक. नळावरचं भांडण, पोरीची छेड, अफवा, सगळं तिथे यायचं. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबई जळत होती, भिवंडी जळाली नाही. माझे वडील एका कमिटीवर होते. त्या रात्री ते आणि शेजारचे चाचा नाक्यावर बसून राहिले आणि येणाऱ्या प्रत्येक अफवेला तिथेच उत्तर देत होते.

इथे खबर देणारा आणि खबरेवर उठणारा एकच माणूस होता. न्यूयॉर्कला विचारायचं नव्हतं.

रानवारा

भिवंडीकर, दंडवत. याला मात्र माझ्याकडे उत्तर नाही. मुक्ता, हे तुझ्या प्रबंधात यायलाच हवं.

संख्याशास्त्री

राज्यशास्त्रज्ञ आशुतोष वार्ष्णेय यांनी भारतातल्या दंगलींवर जे काम केलं, त्यात भिवंडीचा विचार आहे. नागरी जीवनात दोन्ही समाज एकत्र गुंतलेले असले की दंगल पसरत नाही, असा त्यांचा निष्कर्ष. १९५० ते १९९५ पर्यंतच्या दंगलींची नोंद त्यांनी आणि विल्किन्सन यांनी 'टाइम्स ऑफ इंडिया'च्या बातम्यांतून केली आहे. मुक्ताला तो माहितीसंच वापरता येईल.

मुक्ता_कृष्णाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. दोनदा वाचून काढलं, टिपणं केली.

प्रस्ताव आता असा बदलते आहे: सूचना देणारा आणि कृती करणारा यांच्यात जितके टप्पे, तितकी सूचना विरते का? इगाडचा कारामोजा पट्टा आणि काँगोतली खेड्यांची जाळी अशी दोन प्रकरणं घेईन. टप्पे आणि वेळ मोजायला संख्याशास्त्र वापरेन, आणि मधल्या माणसांच्या मुलाखती घेईन. भिवंडी तुलनेसाठी घ्यावं असं फार वाटतंय, पण एक आंतरराष्ट्रीय संघटना आणि एक पोलीस ठाणं यांची तुलना मार्गदर्शक मान्य करतील का?

घरच्यांना हा धागा वाचायला दिला. आईने प्राध्यापकांचा प्रतिसाद मोठ्याने वाचून दाखवला.

प्राध्यापक_मराठवाडा

आईंना नमस्कार सांग. भिवंडी स्वतंत्र निबंध म्हणून लिही, प्रबंधात ओढू नकोस. परीक्षक तिथेच अडवतील. निबंध आधी छापून आला तर परदेशी अर्जालाही वजन येईल.

पलटण

आत्तापासून स्वाहिली शिक. काँगोचं काम करायचं तर फ्रेंचही. दुभाष्याच्या भरवशावर घेतलेली मुलाखत मी पाहिली आहे, अर्धी वाटेतच राहते. माझ्या ओळखीत दोन अधिकारी आहेत जे तळावर खबरी लिहून घेत. बोलायला तयार होतील, विचारून कळवतो.

भिवंडीकर

मुक्ता, कमिटीवरची बरीच माणसं आता ऐंशीच्या पुढे आहेत. काहींच्याकडे त्या वेळच्या बैठकांच्या वह्या आहेत, मी पाहिल्या आहेत. काही उर्दूत आहेत, त्या वाचायला माझी बहीण मदत करेल. निबंध जमेल तेव्हा लिही, मुलाखती या उन्हाळ्यात सुरू कर. व्यनित नंबर टाकतोय.